स्पोर्टचं बटण: करमल घाटात कामाचं, पर्वरीच्या रांगेत त्रासाचं

गाडी दाखवताना शोरूममधला मुलगा स्पोर्टचं बटण दाबतो, मीटर लाल होतो आणि पेडलला पाय टेकताच गाडी पुढे झेपावते. बसलेल्याला वाटतं, इंजिनाला ताकद चढली. पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत तसं काही झालेलं नसतं. १२० पीएसचं (पीएस म्हणजे जवळजवळ अश्वशक्तीच) इंजिन बटण दाबल्यावरही १२० पीएसचंच राहतं. त्यातली ताकद किती, कधी आणि कोणत्या गिअरमधून बाहेर काढायची, तेवढं बटण बदलतं. गोव्याच्या रस्त्यांवर हा बदल काही जागी फार उपयोगी पडतो, काही जागी त्याने काहीच फरक पडत नाही आणि दोन-तीन जागी तो धोक्याचा आहे. केवळ या बटणासाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं का, असं विचारणारे बरेच असतात. उत्तर गिअरबॉक्सवर अवलंबून आहे.

आधी पेडल. आताच्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात आणि पेडल किती दाबलंय ते दोघेही व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं ठेवलेलं असतं, म्हणजे दोघांचा ताळा जुळतो की नाही हे ईसीयूला सतत तपासता येतं. ताळा चुकला की इंजिनचा दिवा पेटतो आणि गाडी रांगायला लागते. ताळा जुळला तर ईसीयू एका तक्त्यात बघतो: एवढं पेडल, तर एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. स्पोर्टचं बटण हा तक्ता बदलतं. समजण्यापुरतं उदाहरण घ्या. पाव पेडल दाबलं तर नॉर्मलमध्ये २० टक्के टॉर्क मिळतो आणि स्पोर्टमध्ये ४० टक्के. पेडल पूर्ण तळाला नेलं की दोन्हीकडे १०० टक्केच. शोरूममधली झेप ती हीच. पाय तेवढाच हलतो, मागणी मात्र दुप्पट नोंदवली जाते.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाईलच्या ॲपमध्ये ‘ॲक्सिलरेटर पेडल पोझिशन’ व ‘थ्रॉटल पोझिशन’ (इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली) हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. गाडी चालवणारा एक आणि आकडे बघणारा दुसरा, असंच करा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू दाबत न्या, एकदा नॉर्मलमध्ये, एकदा स्पोर्टमध्ये. सुरुवातीच्या टप्प्यात स्पोर्टचा थ्रॉटल पेडलच्या पुढे धावतो आणि शेवटी दोन्ही एकाच जागी पोचतात. डिझेलमध्ये थ्रॉटलचा आकडा कामाचा नाही, तिथे ‘इंजिन लोड’ बघा.

मॅन्युअल गाडीत बटणाचं काम बहुतांशी इथेच संपतं. टाटा नेक्सॉनच्या मॅन्युअलला इको, सिटी, स्पोर्ट असे तीन मोड आहेत. गोव्यात टॅक्सीला सगळीकडे दिसणाऱ्या इनोव्हा क्रिस्टाला इको आणि पॉवर. गिअर तुमच्या हातात, क्लच तुमच्या पायाखाली, मग बटण बदलणार ते फक्त पेडलचं. क्रिस्टाचं २.४ लिटर डिझेल मॅन्युअलमध्ये ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तो १,४०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी असतो. एवढं इंजिन पुढे असताना सात माणसं भरून चढ काढायचा, तर वेळीच तिसरा गिअर टाकणं हे पॉवरच्या बटणापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. मॅन्युअल घेणाऱ्याने स्पोर्ट मोडसाठी एक रुपयाही जादा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या टायरना घाला.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र चित्र बदलतं. बटणाचा खरा उपयोग गिअरबॉक्समध्ये आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स साध्या डी-मध्ये (ड्राइव्ह) पेट्रोल वाचवण्याच्या हिशेबाने चालतो. ताशी ५०-६० ला तो शक्य तेवढा वरचा गिअर टाकून इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास ठेवतो. सपाटीवर हे उत्तम. आता मडगावहून काणकोणला निघा. बाळ्ळी मागे पडली की करमल घाट सुरू होतो. दोन पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, पुढे भरलेला ट्रक आणि त्याच्या मागे ताशी २५ ने तुम्ही. वळण संपून जरा सरळ रस्ता दिसला की तुम्ही पेडल दाबता. डी-मध्ये त्यानंतर जे घडतं ते क्रमाने असं: ईसीयू मागणी ओळखतो, गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली उतरतो, इंजिन वर चढतं, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) फिरायला लागतो, आणि मग गाडी हलते. यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. समोरून ताशी ६० ने येणारी बस तेवढ्यात २५ मीटर जवळ आलेली असते.

स्पोर्टमध्ये गिअरबॉक्स आधीच खालच्या गिअरवर थांबलेला असतो आणि इंजिन अडीच-तीन हजारांवर. टर्बो पेट्रोल इंजिनांचा टॉर्क याच पट्ट्यात असतो. ह्युंडाई व्हेन्यूचं १.० टर्बो १७२ न्यूटन-मीटर देतं १,५०० ते ४,००० आरपीएमदरम्यान. फोक्सवॅगन व्हर्टसचं १.० टीएसआय १७८ देतं १,७५० ते ४,५००, आणि १.५ टीएसआय २५० देतं १,६०० ते ३,५०० पर्यंत. म्हणजे पेडल दाबल्यावर मधली सगळी तयारी गाळून गाडी थेट ओढायला लागते. त्यासाठी बटण वेळेत दाबायला हवं. ओव्हरटेक करताना दाबलं तर उशीर झालेला असतो. ट्रकच्या मागे असतानाच, सरळ रस्ता येण्याच्या पाच-सहा सेकंद आधी दाबा, आरपीएमचा काटा वर स्थिरावलेला बघा आणि मग निर्णय घ्या. रस्ता पुढे दिसत नसेल तर कुठलाही मोड उपयोगाचा नाही. करमलमधली बरीचशी वळणं तशीच आंधळी आहेत, तिथे ट्रकच्या मागेच राहायचं.

उतारावर हे बटण चढापेक्षाही जास्त कामाचं आहे आणि नेमकं हेच फार कमी लोकांना ठाऊक असतं. बेळगावहून चोर्ला घाटाने खाली केरीकडे उतरताना डी-मधला गिअरबॉक्स पाय पेडलवरून उठला की वरचा गिअर टाकतो. इंजिनाचा अडसर संपतो, गाडी पळू लागते आणि ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागतं. आठ-दहा किलोमीटर असं उतरलं की ब्रेक तापतात. आधी जळका वास येतो, मग ब्रेकचं पेडल मऊ लागतं, मग तेच ब्रेक लागायला जास्त दाब मागतात. स्पोर्टमध्ये गिअरबॉक्स तिसरा गिअर धरून ठेवतो आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक लावताच एक गिअर आणखी खाली उतरतो. इंजिनच गाडीला मागे ओढतं. स्टीअरिंगमागे पॅडल (बोटांनी गिअर बदलायच्या पट्ट्या) असतील तर आणखी चांगलं, गिअर तुम्हीच ठरवा. घाटमाथ्यावरच बटण दाबायचं आणि वळणाआधी ब्रेक मारून सोडायचा, सतत चेपून ठेवायचा नाही. इंजिन साडेतीन हजारांवर गुरगुरतं म्हणून घाबरू नका. पेडलवरून पाय काढलेला असताना त्या आरपीएमला इंजिनात इंधन जवळजवळ जातच नाही.

गिअरबॉक्सच्या जातींप्रमाणे बटणाची किंमत कमीजास्त होते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) असलेल्या गाडीत ते सगळ्यांत निर्धास्तपणे वापरावं. व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांना मोडचं वेगळं बटणच नाही, गिअरचा दांडा मागे ओढला की डी-चा एस (स्पोर्ट) होतो. मला ही पद्धत सर्वांत पसंत आहे, कारण ती स्टीअरिंगचा जडपणा बदलत नाही आणि नजर रस्त्यावरून न हलवता वापरता येते. होंडा सिटीच्या सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) एस टाकला की इंजिन वरच्या आरपीएमला राहतं. त्या गाडीचे १४५ न्यूटन-मीटर मिळतातच ४,३०० ला, त्यामुळे चढावर एस शिवाय ती दमल्यासारखी वाटते. आवाज वाढतो, तो सोसायचा.

ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये; डीसीटी आणि डीएसजी ही त्याचीच नावं) जपून. व्हेन्यूच्या टर्बोत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीसीटी आहे, व्हर्टसच्या १.५ मध्ये सात गिअरचा डीएसजी, तोही कोरड्या क्लचचा. चालत्या घाटात दोन्ही उत्तम, गिअर पडतो ते कळतही नाही. रांगेत मात्र कोरडा क्लच दर वेळी घासत सुटतो आणि तापतो, कारण त्याला गार करायला तेल नसतं. मांडवी पूल ओलांडून पर्वरीचा चढ लागतो तिथे, तुंबलेल्या रांगेत, पाच मीटर पुढे आणि थांब असं अर्धा तास चाललं की स्पोर्टने काय होतं बघा. पेडल तिखट झालेलं, म्हणून गाडी हिसका देऊन सुटते. तुम्ही लगेच पाय काढता, क्लच अर्धवट लागतो आणि सुटतो. तेच पुन्हा पुन्हा. काही वेळाने मीटरवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. तेव्हा इंजिन बंद करू नका. गाडी कडेला घ्या, पी-मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून सूचना जाईपर्यंत थांबा. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून अशा रांगेत नॉर्मल किंवा इको ठेवावा, पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्यावं आणि मग एकदाच सरकावं. चढावर पेडल अर्धवट दाबून गाडी जागेवर तोलून धरणं ही तर क्लच जाळायची हमखास रीत. ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरा.

एएमटीवाल्यांना (क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) बहुधा स्पोर्टचं बटण नसतंच आणि त्याची खंत करायचं कारण नाही. दांडा एम-मध्ये (मॅन्युअल) टाकून तिसऱ्यात राहिलं की घाटात तेच साधतं.

स्टीअरिंगबद्दल थोडक्यात. ज्या गाड्यांत स्पोर्टने स्टीअरिंग जड होतं, तिथे इलेक्ट्रिक मोटरची मदत कमी केलेली असते, बस. चाकाखालचा रस्ता हाताला जास्त कळू लागतो असं नाही. आल्तिनोच्या वळणांवर किंवा फोंतेंन्यासच्या गल्लीत गाडी वळवताना हा जडपणा फक्त खांद्यांना कळतो. सस्पेन्शन घट्ट होणं हा प्रकार महागड्या गाड्यांचा, ज्यांच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये विजेवर चालणारे वाल्व्ह असतात. १५-२० लाखांच्या गाडीत विक्रेता ‘सस्पेन्शनही बदलतं’ म्हणाला तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ते पान दाखवा म्हणावं.

आता पावसाळा. गोव्यात जूनच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा महिनोन्‌महिने साचलेलं तेल, टायरचा रबर आणि कडेची तांबडी माती एकत्र होऊन डांबरावर गुळगुळीत थर बसतो. पहिले काही दिवस, जोरदार पावसाने रस्ता धुऊन निघेपर्यंत, तो साबणासारखा असतो. इथे स्पोर्टचं तिखट पेडल म्हणजे पुढची चाकं जागीच फिरवायला आमंत्रण. ट्रॅक्शन कंट्रोल सावरतो, पण तो चाक घसरल्यानंतर जागा होतो. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे फेरीबोट. रायबंदर–चोडण असो की जुने गोवे–दिवाडी, बोट धक्क्याला लागते, लोखंडी रॅम्प खाली येतो, त्यावर पाणी आणि चिखल असतो आणि पुढे लगेच धक्क्याचा चढ. मागेपुढे स्कूटर आणि पायी चालणारी माणसं. तिथे गाडी मुंगीच्या पावलांनी चढली पाहिजे, आणि स्पोर्टमध्ये ती नेमकी तशी चढत नाही. रॅम्पवर उतरण्याआधी मीटरवर कुठला मोड आहे ते बघण्याची सवय लावून घ्या.

याच दिवसांत दुसरं एक बटण कामाला येतं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. क्रेटाच्या ऑटोमॅटिकमध्ये स्नो, मड, सँड असे ट्रॅक्शन मोड मिळतात, टाटा हॅरिअरमध्ये नॉर्मल, रफ, वेट. गोव्यात बर्फ पडत नाही म्हणून स्नो कोणी लावत नाही, पण निसरड्या रस्त्यावर सुटताना तोच योग्य. तो पेडल सौम्य करतो, चाकांना टॉर्क बेताने देतो. पहिल्या पावसातल्या साखळी–डिचोलीच्या लाल रस्त्यांना तो अगदी जुळतो. हॅरिअरवाल्यांनी वेट लावावा. सँड मात्र किनाऱ्यासाठी नाही, गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे. ग्रँड व्हिटाराच्या चारचाकी-ड्राइव्हमध्ये ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक आहेत आणि तिथला स्पोर्ट इतरांपेक्षा वेगळा: तो मागच्या चाकांना टॉर्क लवकर पोचवतो. ओल्या घाटात वळणातून बाहेर पडताना ती गाडी म्हणूनच जास्त बसकी वाटते.

इकोबद्दल पावसात एक सावधगिरी. काही गाड्यांत इको एसीच्या कॉम्प्रेसरवरही बंधन घालतो. आपल्याकडच्या दमट हवेत चार माणसं ओल्या कपड्यांनी बसली की काच दोन मिनिटांत आतून धुरकट होते, आणि इकोत ती साफ व्हायला वेळ लागतो. तेव्हा नॉर्मलवर या आणि हवा काचेकडे वळवा.

नव्या झुआरी पुलावर, मोपा विमानतळाच्या रस्त्यावर, वेर्ण्याच्या पठारावर स्पोर्ट लावून काही मिळत नाही. रस्ता रुंद आणि सरळ, वेग ठरलेला. त्याच वेगाला इंजिन हजार आरपीएम जास्त फिरतं, आतलं घर्षण वाढतं, पेट्रोल जास्त जातं. किती जास्त, ते तुमच्याच गाडीवर मोजता येईल. पणजी ते काणकोण ७० किलोमीटरच्या आसपास आहे. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिपमीटर शून्य करा, जाऊन या, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरा. एक फेरी पूर्ण नॉर्मलमध्ये, एक पूर्ण स्पोर्टमध्ये, दोन्ही सारख्याच वेळी आणि सारख्याच माणसांसह. मीटरवर दिसणारा सरासरीचा आकडा विश्वासाचा नाही, किलोमीटरला लिटरने भागा.

इलेक्ट्रिक गाड्यांना वरचं बरंचसं लागू होत नाही. नेक्सॉन ईव्हीला इको, सिटी, स्पोर्ट आहेत, पण बदलायला गिअरच नाहीत. ईव्हीमध्ये मोड सहसा मोटरला मिळणाऱ्या ताकदीवरच मर्यादा घालतो, म्हणून तिथे फरक खरा असतो, नुसता पेडलचा नाही. मोटरचा टॉर्क शून्यापासून मिळतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर स्पोर्टचा धोकाही तितकाच मोठा. घाट उतरताना ईव्हीत कामाला येतो तो रिजन (मोटरच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते), स्पोर्ट नव्हे: नेक्सॉन ईव्हीत ० ते ३ अशा त्याच्या पायऱ्या पॅडलने बदलता येतात, चोर्ला उतरताना ३ ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजन कमी पडतो, कारण वीज ठेवायला जागाच नसते. वरून खाली यायचं असेल तर ८०-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

बाजारात पेडल बॉक्स नावाची एक डबी मिळते. ती पेडलचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते आणि पेडलचा सिग्नल फुगवून पुढे पाठवते. ज्या गाडीला स्पोर्ट मोड नाही तिला तो बसवून देतो, असं विकणारे सांगतात. प्रत्यक्षात बटणाचा सगळ्यांत कमी उपयोगाचा भाग तेवढा विकत मिळतो, गिअरबॉक्स तसाच राहतो, आणि वॉरंटीच्या वेळी वाद होतो. घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह घेताना पणजीच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. पर्वरीचा किंवा कुठ्ठाळीहून वेर्ण्याकडे जाणारा चढ मागा. ताशी ४० ने वरच्या गिअरमध्ये चढाला लागा आणि आधी नॉर्मलमध्ये, मग स्पोर्टमध्ये अर्धं पेडल दाबा. गिअर किती खाली उतरला ते मीटरवर दिसतं. पुढे पाय उचला आणि गिअर धरून ठेवतो की लगेच वर जातो ते बघा. धरत नसेल तर त्या गाडीतलं बटण फक्त पेडलचं आहे, त्याला पैसे मोजू नका. शेवटी इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा आणि मोड तोच राहिला की नॉर्मलवर आला, हेही पाहून ठेवा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी घेतानाही हे बघायचं, आधीच्याने काय लावून ठेवलंय ते सांगता येत नाही.

आणि जुनी गाडी असेल, दोन-तीन पावसाळे काढलेली, आणि ‘आताशा ती स्पोर्टमध्येच नीट चालते, नॉर्मलमध्ये मेल्यासारखी’ असं वाटत असेल, तर कायम स्पोर्ट लावून फिरू नका. गाडी आजारी आहे आणि बटण ते झाकतंय. एअर फिल्टर उघडा, कडेच्या लाल धुळीने तो वेळापत्रकाच्या बराच आधी भरतो. थ्रॉटल बॉडीवर काजळी आहे का बघायला सांगा. टर्बो ते इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) रबरी होजला चीर गेली असेल तर पेडल दाबताना फुसफुस ऐकू येते आणि जोडाभोवती तेलाचा ओलसर डाग दिसतो. डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबलाय का तेही तपासून घ्या. पर्वरी–पणजी एवढंच फिरणाऱ्या डिझेलचा तो हमखास तुंबतो, आणि तेव्हा त्याला ताशी ६०-७० ने वीसेक मिनिटं सलग धावू देणं हाच पहिला उपाय.